तांबेकर वाडा, एका दिवसाची सहल: रविवार १९ जानेवारी. नावं द्या! (वृत्तांत खाली आला आहे)

रावपुरेकर · ३ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, दरवर्षी आपण ठरवतो की एकदा सगळ्यांनी मिळून आपल्या बडोद्यातला तांबेकर वाडा बघायचा. दरवर्षी उत्तरायण (संक्रांत) होतं आणि तारांवर लोंबणाऱ्या पतंगांसारखा हा बेतही लोंबत राहतो. यंदा तारीख घेऊनच आलोय.

सकाळी नऊला सुरसागर तळ्याच्या पाळीवर (काठावर) जमायचं. तिथून रावपुऱ्यात वाड्यापर्यंत पायी. मग दांडिया बाजारात अरविंद निवास, म्हणजे योगी अरविंद राहायचे ते घर. जेवण. दुपारी ज्यांच्यात त्राण उरेल त्यांनी कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाडांचं स्मारक.

चोवीस जणच. वाड्यात बारा-बाराच्या दोन तुकड्या. लाकडी मजले आहेत, एकाच खोलीत सगळे उभे राहून "अहो इकडे बघा" करायचं नाही. भिंतीला पाठ लावून फोटो काढायचा नाही. पाठीवरच्या पिशव्या खाली ठेवायच्या. दादर (जिना) उभा आहे, तेव्हा ज्यांच्या गुडघ्यांचं आणि त्यांचं पटत नाही त्यांनी आधीच सांगावं.

वर्गणी फक्त जेवणाची. हिशोब मी ठेवतो, बँकेत चौतीस वर्षं तेच केलं.

ओटला · ३ जानेवारी, रात्री ९:५२

जेवणात काय, ते आधी लिहा ने. वाडा तर पावणेदोनशे वर्षं उभा आहे, तो कुठे जात नाही. सेव-उसळीवरची तर्री मात्र अकरानंतर गार होते.

रावपुरेकर · ३ जानेवारी, रात्री ९:५८

ओटला, तुमचं नाव पहिलं लिहिलं. आणि तुमच्यासाठी लीलो चिवडा वेगळा.

अळूवडी · ४ जानेवारी, सकाळी ७:१५

आम्ही दोघी. मी आणि सासूबाई. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे अर्थातच नाहीत, पण मी हा धागा वाचून दाखवला तेव्हा म्हणाल्या, "मला खाली चौकात बसवा, वर तुम्ही जा." चालेल का? खुर्ची मी घरून आणते, घडीची.

रावपुरेकर · ४ जानेवारी, सकाळी ७:३०

चालेल काय, आणाच. खुर्ची मात्र प्लॅस्टिकच्या बुटांची असू दे, लोखंडी पायांनी फरशी ओरखडते.

मुळामुठा · ४ जानेवारी, दुपारी १:०५

नमस्कार, मी नवीन आहे. लग्न होऊन बडोद्याला येऊन सात महिने झाले, माहेर पुण्याचं. एक भाबडा प्रश्न: हा वाडा पेशव्यांच्या कुणा सरदाराचा का? वाडा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर विश्रामबाग आणि नाना वाडा येतो. इथे "वाडा" म्हणतात हेच मला नवीन. घरी कुणी त्याला हवेलीसुद्धा म्हणतं.

रावपुरेकर · ४ जानेवारी, दुपारी २:२०

मुळामुठा, स्वागत. हवेली म्हणा की वाडा, दोन्ही बरोबर, आणि तीच तर गंमत आहे. लाकडातलं कोरीव काम गुजराती सुताराच्या हातचं वाटतं, आणि घराची मांडणी, नेसणं-सवरणं, देवघर हे सगळं आपलं.

पेशव्यांचा नाही, गायकवाडांच्या दिवाणाचा. विठ्ठल खंडेराव तांबेकर, ऊर्फ भाऊ तांबेकर. १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण. गादीवर गणपतराव गायकवाड. आणि रेसिडेन्सीत इंग्रजांचा रेसिडेंट जेम्स औट्रम. हा तोच, ज्याने बडोद्यातल्या लाचलुचपतीवर १८५१ मध्ये मुंबई सरकारला अहवाल पाठवला आणि त्यात आपला "खटपट" हा शब्द जसाच्या तसा इंग्रजीत नेऊन बसवला. इंग्रजाला त्याच्या भाषेत शब्द सापडला नाही, याचा अभिमान बाळगावा की लाज, ते ज्याचं त्याने ठरवावं. मुंबईकर साहेब औट्रमवरच बिघडले आणि त्याला बडोदं सोडावं लागलं. १८५४ मध्ये तो परत आला. भाऊंची दिवाणगिरी संपली तीही त्याच वर्षी.

म्हणजे आपण जे घर बघायला जातोय ते खटपटीच्या ऐन मध्यावरचं घर आहे. तिथल्या दिवाणखान्यात काय काय शिजलं असेल, भिंतीच जाणोत.

तापीकाठ · ४ जानेवारी, रात्री ८:४४

सुरतेहून आम्ही पाच जण. सकाळच्या गाडीने येतो, स्टेशनवरून रिक्षा. नऊला नाही पोचलो तर दुसऱ्या तुकडीत घाला.

अरविंद निवास ठेवलंत ते बरं केलंत. १९०७ च्या डिसेंबरात आमच्या सुरतेत काँग्रेस फुटली, जोडे फेकले गेले. तिथून अरविंदबाबू थेट बडोद्याला आले आणि योगी विष्णु भास्कर लेल्यांबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत तीन दिवस ध्यानाला बसले. गोंधळ आमच्याकडचा, शांतता तुमच्याकडची. हे असं फार जुनं आहे.

ओटला · ४ जानेवारी, रात्री ८:५०

आणि घारी, ती मिठाई, तुमच्याकडची. येताना आणा.

चुनखडी · ५ जानेवारी, सकाळी १०:३१

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, या वाड्यावर कधी काम केलेलं नाही, हे आधीच सांगते. पण रावपुरेकरकाकांनी बारा-बाराच्या तुकड्या का केल्या ते थोडं समजावून सांगावंसं वाटतं, नाहीतर लोकांना ते मास्तरकीचं वाटतं.

भिंतीवरचं चित्र हे कागदावरच्या चित्रासारखं नसतं. खाली वीट, तिच्यावर चुन्याचा गिलावा, त्यावर घोटलेला पातळ थर आणि सगळ्यात वर रंग. चुना पाणी पितो आणि सोडतो. भिंतीत कुठूनही ओल शिरली की ती बाहेर पडायला वाट शोधते, आणि बाहेर पडते ती चित्राच्या अंगाने. येताना विटेतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार रंगाच्या खाली बसतात, फुगतात आणि खपली सुटते. म्हणून जुन्या वाड्याला कुणी कळवळ्याने सिमेंटचा गिलावा केला की मला धडकी भरते. सिमेंट ओल सोडतच नाही. पाणी मग दुसरीकडून, म्हणजे नेमकं चित्राकडून वाट काढतं.

आता बंद खोलीत पंचवीस माणसं अर्धा तास बोलत उभी राहिली तर श्वासाची केवढी वाफ होते याचा विचार करा. शिवाय अंगाचा धक्का, बॅगेची चेन, आणि "हा रंग खरा आहे का" म्हणून फिरवलेलं बोट. बोटाचं तेल लागतं आणि त्यावर धूळ बसते. एका माणसाचं बोट काही नाही. दीडशे वर्षांची बोटं मोजा.

रंगपेटी · ५ जानेवारी, दुपारी ४:१२

शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. मी येतोय. पण एक गाऱ्हाणं आधीच मांडून ठेवतो. मी हा वाडा पूर्वी दोनदा पाहिलाय. मूळ चित्रात जिथे जिथे रंग उडालाय तिथे नुसता मातकट ठिपका ठेवतात. एखाद्या आकृतीचा हात आहे, कोपरापुढे काही नाही. चांगला चित्रकार बसवून तो हात पुरा का करू नये? आपल्याकडे कलाभवन आहे, शिकलेले हात आहेत. मंदिरात दरवर्षी देवाला रंग देतो, तेव्हा कुणी हरकत घेतं का?

चुनखडी · ५ जानेवारी, सायंकाळी ६:०२

सर, घेत नाही, कारण तिथे देव पूजेतला आहे. इथे चित्र हा पुरावा आहे. तुम्ही हात पुरा केलात तर उद्या बघणाऱ्याला कळणार नाही की कुठवर भाऊंच्या काळचा चित्रकार आणि कुठून पुढे तुमचा विद्यार्थी. म्हणून गेलेली जागा शांत रंगाने भरतात: दुरून डोळ्याला खड्डा दिसू नये आणि जवळून लबाडी वाटू नये.

आणि चांगल्या मनाने केलेल्या कामाचं काय होतं त्याचं उदाहरण अजिंठ्यात आहे. १९२० च्या सुमारास निजामाने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोघे जाणकार आणले. रंग पक्के राहावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं. त्या काळचं उत्तम तेच होतं. पुढे ते पिवळं पडत गेलं, चित्रं अंधारली, आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं ते काढण्यात गेली.

रंगपेटी · ५ जानेवारी, सायंकाळी ६:४०

पटलं असं म्हणत नाही. वाड्यात उभं राहून भांडू.

बाजूचाच · ६ जानेवारी, रात्री ११:१८

तुम्ही सगळे एक दिवस येणार, फोटो काढणार, भाखरवडी घेऊन जाणार. आम्ही तिथे राहतो. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर म्हणजे काय असतं ते इथे कुणाला ठाऊक आहे? १९५८ च्या कायद्यात २०१० साली सुधारणा झाली. तेव्हापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय काही नाही. दुरुस्तीलाही परवानगी. माझ्या गॅलरीचा कठडा पडायला आलाय. कागद कुठे किती महिने पडून राहिला ते लिहीत नाही, लिहून काही होत नाही. तोवर दोरी बांधली आहे. नातवंडं आली की आधी दोरी दाखवतो.

वाडा सुंदर आहे, ते मी कशाला नाकारू? लहानपणापासून बघतोय. पण जतन त्याचं होतं आणि वजन आमच्यावर पडतं.

चुनखडी · ७ जानेवारी, सकाळी ८:५५

बाजूचाच, तुमचं म्हणणं खोटं नाही. त्या शंभर मीटरांत बरीचशी घरं स्वतःच जुनी असतात. त्यांना नवं बांधता येत नाही आणि जुनं नीट दुरुस्त करायला चुन्याचा गवंडी मिळत नाही. कठड्याचे फोटो मला संदेशातून पाठवा. दुरुस्तीचा अर्ज "बांधकाम" म्हणून गेला असेल तर घोळ तिथेच असू शकतो. अर्जासोबत आताची मापं आणि आहे तसाच करणार असल्याचा नकाशा जोडावा लागतो. तो मी काढून देते.

रावपुरेकर · ७ जानेवारी, सकाळी ९:१०

बाजूचाच, तुमचं नाव चोविसांत धरू का? चालत येणारे तुम्ही एकटेच असाल.

बाजूचाच · ७ जानेवारी, रात्री १०:०१

धरा. चहा माझ्याकडे. दोन-दोन जणांनी गॅलरीत जायचं नाही.

रावपुरेकर · २० जानेवारी, रात्री ८:३०

वृत्तांत.

चोवीस ठरले, एकवीस आले, आणि ऐनवेळी त्यातल्या दोघांनी मिळून तीन मुलं आणली म्हणजे पुन्हा चोवीस. सुरतेची गाडी वेळेवर, सुरतेची माणसं उशिरा: स्टेशनसमोर फाफडा दिसला. असो. सुरसागरावर थंडी बरी होती. महादेवाची मूर्ती, पाळीवर कबुतरं, आणि झाडाझाडात अडकलेले पतंग. मुळामुठाला न्यायमंदिराची इमारत बाहेरून दाखवली आणि सांगितलं की ही मुळात भाजीबाजारासाठी बांधायला घेतली होती, पुढे तिथे कोर्ट बसलं. त्यावर ओटला म्हणाला, भाव करणं सुटलं नाही म्हणजे.

वाड्याशी आलो. रस्त्यावरून तो एकदम अंगावर येत नाही. रावपुऱ्यातली दुकानं, वायरी, उभ्या स्कूटर, आणि मध्येच चार मजल्यांचं गडद लाकूड. मान वर करून बघावं लागतं. खांबांवरच्या कोरीव घोड्या, सज्जे. निम्मे लोक फोनमधून बघत होते, त्यांना मी काही बोललो नाही.

अळूवडींच्या सासूबाईंना खाली खुर्ची मांडून बसवलं. पहिली तुकडी वर गेली.

वरच्या चित्रांच्या खोलीत आत पाऊल टाकलं की क्षणभर काहीच कळत नाही. भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं याचा पत्ता लागत नाही, कारण दोन्हींवर चित्रं. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रजांची लढाई आहे, आणि दारांवर चक्क मडमा आहेत. रंगपेटी सर दारापाशी उभे राहिले ते हलेचनात. म्हणाले, बघा, चेहरा विलायती आणि डोळा आपला. चित्रकाराने मडम बहुधा कुठल्या तरी छापील चित्रात पाहिली, पण डोळा काढताना हात घरच्या वळणावर गेला. हे त्यांचं मत. मला पटलं. त्यानंतर मी प्रत्येक मडमेचा डोळाच बघत बसलो.

सर आणि चुनखडी यांचं ठरलेलं भांडण झालं, पण कुजबुजत, वाफेच्या भीतीने. एका अर्धवट आकृतीपुढे दोघं बराच वेळ उभे होते. शेवटी सर म्हणाले, "पुरं करणारा हात माझ्या डोक्यात आहेच, भिंतीवर कशाला हवा?" आता हे हरणं की जिंकणं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही खाली उतरलो. सासूबाई (त्यांना सगळेच आता माई म्हणायला लागलेत) शांत बसल्या होत्या. दुसरी तुकडी वर जात होती. माईंनी मला विचारलं:

"चूल कुठे होती?"

मी म्हटलं, कसली चूल?

"अहो, एवढं मोठं घर. दिवाण राहायचे. रोज पन्नास पानं उठत असतील. स्वयंपाकघर कुठे? मोरी कुठे? पाणी कुठून यायचं? बाळंतिणीची खोली कुठली? बाहेरची बसायची कुठे? तुम्ही वर कृष्ण बघून आलात, ते छान. पण मला हे घर वाटत नाहीये अजून. चूल सापडली तर वाटेल."

मी बघायला गेलो. चुनखडी आली. धुराने काळवंडलेली तुळई कुठे दिसते का, भिंतीत धुराडं बुजवल्याची खूण आहे का, असं शोधलं. जेवढा भाग आम्हाला बघू दिला त्यात काही हाती लागलं नाही. रंग राखलेत, लाकूड राखलंय, उधई (वाळवी) रोखली आहे, हे सगळं मोलाचं. पण भिंतीवर कुणी दूध उतू गेल्याचं चित्र काढत नाही.

चहा बाजूचाच यांच्याकडे. कठड्याची दोरी पाहिली. मग अरविंद निवास: १८९३ ते १९०६ अरविंदबाबू बडोद्यात होते, कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत, आणि दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी राहत. तिथे सगळे आपोआप गप्प झाले, ओटलासुद्धा. जेवणाबद्दल तोच लिहील.

ओटला · २० जानेवारी, रात्री ८:५५

सेव-उसळ फक्कड. तर्री तिखट, पुण्याच्या ताईंच्या डोळ्यांत पाणी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तापीकाठ मंडळींनी आणली होती, घारी नाही आणली. नोंद असावी. कीर्तिमंदिराला मी आलो नाही, झोप आली.

मुळामुठा · २१ जानेवारी, सकाळी ११:४०

कीर्तिमंदिराला आम्ही सात जण गेलो. नंदलाल बोसांची चार भिंतींवरची चित्रं, १९३९ ते १९४६ या काळातली. गंगावतरण, मीरा, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. सकाळी एक महाभारत बघितलं होतं, दुपारी दुसरं. सकाळचं महाभारत कुणाच्या तरी घरातलं होतं, दुपारचं गायकवाड घराण्याच्या स्मारकातलं. मला सकाळचं जास्त आवडलं, का ते नीट सांगता येत नाही. बहुतेक त्याच्यापुढे कुणीतरी झोपत असेल, कुणाचं तरी बाळ त्या मडमेला घाबरत असेल, असं वाटत राहिलं म्हणून.

आणि माईंचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. पुण्यात आमच्या आजीचा वाडा पाडला तेव्हा मी चौथीत होते. मला त्याचा दिंडी दरवाजा आठवतो, झोपाळा आठवतो. चूल कुठे होती ते आठवत नाही.

तापीकाठ · २१ जानेवारी, दुपारी ३:१५

घारीची नोंद मान्य. पुढच्या खेपेला दोन किलो.

आमचं घर गोपीपुऱ्यात होतं. चूल मागच्या पडवीत, आग्नेयेला. वर कौलात एक काच, उजेडासाठी. सकाळी साडेनऊला काचेचा कवडसा बरोबर पाट्यावर यायचा, त्यावरून आई भात लावायची. हे मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगतोय.

रावपुरेकर · २१ जानेवारी, रात्री १०:४५

रविवारपासून एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. लिहितो.

वाड्यांबद्दल मी इतकं बोलतो, सहली काढतो, लोकांना भिंतीला हात लावू नका म्हणतो. दांडिया बाजारात आमचाही वाडा होता. तांबेकरांएवढा नव्हे, दोन मजली, एक चौक, पुढे ओटा, वर अगाशी. कोरीव काम जेमतेम चार खांबांना. २००९ साली तो पाडला. वारस अकरा. कुणी अमेरिकेत, कुणी नाशकात, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. घरपट्टी मी भरायचो, गळतं मी बुजवायचो, आणि दर पावसाळ्यात मीच म्हणायचो, आता पुरे झालं. अकरा सह्यांतली पहिली सही माझी आहे. कुणी बळजबरी केली नाही. बिल्डरने भाव वाजवी दिला. त्या पैशांत मुलीचं शिक्षण झालं आणि मी कारेलीबागेत लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. आईला शेवटची सहा वर्षं जिना चढावा लागला नाही. पुन्हा वेळ आली तर बहुधा पुन्हा सही करीन.

पण एक फोटो काढला नाही. म्हणजे मुंजीचे, लग्नांचे फोटो आहेत. सगळ्यांत माणसं पुढे आणि वाडा मागे अंधुक. स्वयंपाकघराचा एकही नाही. तिथे कुणी फोटो काढायचंच नाही.

माईंनी चूल विचारली तेव्हा मला तांबेकरांची सापडली नाही याचं काही नाही. मला आमचीसुद्धा नीट आठवेना. दोन वैलांची की तीन?

चुनखडी · २२ जानेवारी, सकाळी ७:२०

काका, नकाशा काढा. आजच. चौकोनी घरांचा कागद घ्या आणि खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, हे माप धरा, फूट नको. "पुढचा सोपा चार खणांचा" असं तुम्हाला नक्की आठवेल, फूट आठवणार नाहीत. आधी दारं आणि उंबरे काढा. घरात माणूस अंधारात कसा चालायचा ते आठवा, पावलांना लक्षात असतं. मग पाणी: कुठून यायचं, कुठे साठायचं, कुठे जायचं. चूल आणि मोरी त्यावरून आपोआप लागतात. खोलीला नाव नव्हे, कोण झोपायचं ते लिहा.

तांबेकर वाडा मापून ठेवायला सरकार आहे. दोन मजली वाड्यांना कुणी नाही.

बाजूचाच · २२ जानेवारी, रात्री ९:३३

रावपुरेकर, तुमचा वाडा मला माहीत आहे. कठड्याला लाकूड शोधायला परवा जुन्या सामानाच्या वखारीत गेलो होतो, तिथे मागे तीन खांब पडलेत. वखारवाला म्हणाला, दांडिया बाजारातल्या एका वाड्याचे, पंधरा वर्षं झाली, गिऱ्हाईक नाही. त्यातल्या एका खांबाला खालून साधारण हातभरावर एका बाजूला गोल खाच आहे, काहीतरी घासून घासून पडल्यासारखी. तुमचेच असं म्हणत नाही. पण बघून तर घ्या.

रावपुरेकर · २२ जानेवारी, रात्री ९:४१

गाईचं दावं. डाव्या हाताच्या पहिल्या खांबाला.

रविवारी येतो. मेजर टेप मी आणतो.

अळूवडी · २५ जानेवारी, दुपारी १२:१०

रावपुरेकरकाका, तुम्ही काल टाकलेला नकाशा मोठा छापून माईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, या वाड्यात मी दरवर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जायची. यांच्या आईच्या हातची आंब्याची डाळ!" मग चष्मा लावून तासभर बघत बसल्या. त्यांनी सांगितलं तसं लिहिते:

मोरी पश्चिमेला काढली आहे, ती चूक. उत्तरेला, विहिरीच्या बाजूला. मागच्या दाराला पायरी एक नव्हे, दोन, आणि दुसरी उंच, तिथे सगळ्या जणी ठेचकाळायच्या. माजघरातून स्वयंपाकघरात जायला दार नव्हतं, नुसती कमान होती आणि तिला पडदा. चूल तीन वैलांची. तिसऱ्यावर कायम पाणी.

आणि म्हणाल्या, पेनने काढू नका म्हणावं. पेन्सिलीने काढा, मला अजून आठवतंय.